मीटरवरचा लाख

गेल्या काही महिन्यांत मला सगळ्यांत जास्त राग कुणाचा आला असेल, तर आमच्या खालच्या मजल्यावरच्या राममूर्ती मामांचा. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी तिरकस बोलले तर कुणी दचकायला नको. ज्याची बायको नुकती गेली त्याच्यावर चिडू नये, एवढी अक्कल मलाही आहे. पण काहीही विचारलं तरी 'सरी' म्हणणाऱ्या माणसाचं करायचं काय, सांगा! तमिळमधला हा 'सरी' म्हणजे आपलं 'बरं'. मामा, जेवलात का? सरी. मामा, डॉक्टरकडे जाऊन या. सरी. अहो मामा, दूध उतू चाललंय! सरी. दूध शेगडीवर सांडत असायचं आणि हे समोर हाताची घडी घालून उभे.

मी कल्पना. मूळची इचलकरंजीची. नवरा दिनानाथ इथे ओरगडमकडच्या एका मोटारीच्या कारखान्यात आहे, म्हणून आम्ही चेन्नईत आलो आणि इथलेच झालो. मी एका टायर कंपनीच्या तक्रार विभागात काम करते. टायर फुटला की गिऱ्हाईक कंपनीच्या नावानं बोंब मारतं आणि तो टायर आमच्या टेबलावर येतो. टायरातच खोट होती, की ह्यांनी हवा न बघता दुप्पट माल लादून त्याची वाट लावली, ते मी बघते. दिवसभर रबराचा वास नाकात असतो. घरी आल्यावर रस्त्यात टायर दिसला तरी मी मान फिरवते.

नुंगंबाक्कमच्या एका गल्लीत चार बिऱ्हाडांची आमची इमारत आहे. खालच्या मजल्यावर राममूर्ती मामा आणि अलमेलू मामी. तंजावूरकडची मराठी माणसं. पहिल्या दिवशी सामान चढवताना मामी दारात येऊन म्हणाल्या, "तुमी अमचेंच बोलता की ओ!" आणि मी हातातली बादली खाली ठेवली. त्यांचं मराठी म्हणजे जुन्या पोथीतलं, तमिळच्या चालीवर म्हटलेलं. आपण 'मी केलं' म्हणतो, ते 'मी केलों' म्हणतात. सुरुवातीला मला हसू यायचं. मग मामींच्या हातचा रसम प्यायला लागल्यापासून हसू बंद झालं.

मामा आयुष्यभर एग्मोरला एका पार्सल कंपनीच्या ऑफिसात कारकून होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळावर गंध, खिशाला पेन. ते ऑफिस बंद झालं तेव्हा मामा पन्नाशीला टेकलेले. मुलगी रंजनी कॉलेजात होती. दुसरं कुणी असतं तर कुठल्या तरी दुकानात हिशेब लिहायला बसलं असतं. मामांनी मिळालेल्या पैशांतून एक छोटी मालवाहू गाडी घेतली. आपल्याकडे तिला छोटा हत्ती म्हणतात, इथेही 'कुट्टी यानै', म्हणजे तेच. टी. नगरच्या साड्यांच्या दुकानांचे गठ्ठे, लग्नातल्या आचाऱ्यांची मोठाली पातेली, केळीचे खांब, असलं सगळं वाहायचं.

नातेवाइकांनी नाकं मुरडली. देशस्थाच्या घरात जन्मलेला माणूस लॉरी चालवणार? चुलत भावानं तर तोंडावर सांगितलं, लग्नाकार्याला ये, पण ती गाडी दारात लावू नको. मामा मऊ माणूस, त्यांना ते फार लागलं. गाडी आणली तशी गल्लीत उभी. दोन दिवस ते तिच्याकडे फिरकले नाहीत.

मग मामींनी डोकं चालवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या न्हाऊन, गजरा माळून, दहीभाताचा डबा घेऊन गाडीत ड्रायव्हरशेजारच्या सीटवर जाऊन बसल्या. मामा म्हणाले, हे काय? तर म्हणाल्या, "बायको शेजारी बसली तर कोण ड्रायव्हर म्हणेल? मालकच म्हणतील. चला." असा हा त्यांचा हिशेब. ड्रायव्हर कधी बायकोला शेजारी बसवून पातेली पोचवायला जातो का? नाही जात. म्हणजे हा ड्रायव्हर नव्हे. आणि खरंच, लोक मामांना 'सार', म्हणजे साहेब, म्हणायला लागले. बिनतोड डोकं होतं बाईचं.

पण किती दिवस बसणार? तेही मामींनीच ठरवून टाकलं. "लाख किलोमीटर होईपर्यंत बसत्यें. तंवर लोकांस सवय होईल. लाख झाला कीं मी उतरत्यें, मग तुमी एकटे चालवा." हे त्यांनी मला स्वतः सांगितलंय, एकदा नव्हे, दहादा. मी म्हणायचे, मामी, लाख म्हणजे काय खायचं काम आहे? जन्म जाईल. तर हसायच्या. म्हणायच्या, "बोलल्यें तें बोलल्यें."

आणि बसल्या! उन्हात, पावसात, त्या पत्र्याच्या डब्यात, इंजिन जवळजवळ बुडाखाली. मामा गाडी चालवणार आणि ह्या सूचना देणार. सावकाश हो. गाय आहे हो. तो बसवाला वेडा आहे, त्याला जाऊं द्या. मामांचा काटा कधी पन्नासच्या पुढे सरकला नाही, तरी मामी म्हणायच्या, "हल्लीं फार पळवतां!" आम्ही हसायचो.

आम्ही राहायला यायच्या आधी इथे तो मोठा पूर आला होता. गल्लीत कमरेएवढं पाणी, गाडी बुडाली. महिनाभर ती दुरुस्तीत होती. परत आणताना मामींनी हट्ट धरून तिला उंच करून घेतली. हे मी फक्त ऐकून होते. उंच केली म्हणजे स्प्रिंगा वाढवल्या असतील, असं मी धरून चालले होते. गाडी किती उंच झाली, तर बोटभर. दिनानाथ म्हणायचा, "मामी, पूर काय बोट मोजून येतो?" मामी म्हणायच्या, "बोटभर तर बोटभर!" पण त्यांचे गुडघे आधीच दुखरे, त्यात ते बोटभर चढणं जड झालं. मग मामांनी एक लाकडी पाट केला. गाडी थांबली की मामा उतरून पलीकडे जायचे, पाट खाली ठेवायचे, मामी त्यावर पाय देऊन चढायच्या, मग मामा पाट उचलून सीटमागे टाकायचे. दर वेळी हेच. नवरदेव नवरीला घोड्यावर बसवतो असं वाटायचं.

दुसरी एक गंमत होती डिझेलची. मामांची तक्रार कायम एकच, गाडी डिझेल पिते. पुराच्या आधी लिटरला किलोमीटर छान पडत होते, आता पडत नाहीत. पंपवाला माप मारतो म्हणून त्यांनी पंप बदलले. मामी खाली उतरून नळीजवळ डोळे वटारून उभ्या राहायच्या. पंपावरची पोरं त्यांना घाबरायची. तरी गाडी पितेच आहे! शेवटी दोघांनी मान्य केलं की पुराचं पाणी पोटात गेलं, आता ती आजारीच राहणार.

तर अशी ही दोन माणसं. मग मागल्या वर्षी मामींच्या पायांना सूज यायला लागली. डॉक्टर म्हणाले, हृदय मोठं झालंय, विश्रांती घ्या. मामी म्हणाल्या, थोडेच उरलेत आता, लाख होऊं दे. दिवाळीच्या सुमारास ऑफिसातून येताना बघितलं तर गाडी गल्लीत आणि मामा मामींना जवळजवळ उचलून उतरवत होते. त्या रात्री त्यांना दवाखान्यात नेलं. घरी आल्या त्या डोळे मिटूनच.

मीटर तेव्हा अठ्ठ्याण्णव हजारांवर होता.

मामा रडले नाहीत. लोक म्हणाले, धीराचे आहेत. कसले धीराचे डोंबल! माणूस आत नव्हताच. भटजी म्हणाले इकडे बसा, बसले. म्हणाले उठा, उठले. रंजनी बंगळूरला असते, ती पंधरवडा राहिली, मग नोकरीपायी तिला जावं लागलं. ती म्हणाली, अप्पा, माझ्याबरोबर चला. म्हणाले, सरी. आणि गेले नाहीत. मीही रडले नाही, खरं सांगते. मला वाटलं, मामा रडले की मग आपण रडू. आपण कोण आधी रडणार! तर ते रडेनात आणि माझंही छातीत अडकून बसलं. ऑफिसात फुटलेले टायर बघत होते, घरी येऊन भात लावत होते. कशाचीच चव लागत नव्हती.

आणि मग मामांनी गाडी काढायला सुरुवात केली. माल नाही, काही नाही. दुकानांना त्यांनी 'आता माल नेत नाही' असं कळवून टाकलं. सकाळी गाडी काढायची, शहराबाहेरच्या मोठ्या रिंग रोडवर जायचं, रिकामीच फिरवायची आणि संध्याकाळी परत आणायची. निघायच्या आधी पाट डाव्या दाराखाली ठेवायचा. जरा थांबायचं. उचलायचा, सीटमागे टाकायचा. मी वरच्या खिडकीतून बघायचे.

मी एकदा विचारलं. "मामा, कुठे फिरता हो?"

"लाख करतों, मा. तिचा राहिला." इथलं 'मा' म्हणजे आपलं 'पोरी'.

"आणि मग? लाख झाल्यावर?"

मामांनी गाडीच्या दाराकडे बघितलं. "मग झालं," म्हणाले.

हे 'मग झालं' मला अजिबात आवडलं नाही. रंजनीला सांगितलं तर ती फोनवर रडायला लागली. दिनानाथ म्हणाला, "अगं, दुःखात माणूस बोलतो काहीतरी." पण एक दिवस गाडीची उजवी बाजू पार खरवडून आली. दुभाजकाला घासली होती. मी विचारलं तर म्हणाले, कळलं नाहीं. डोळे उघडे होते, मा, पण कळलं नाहीं. आता बोला! मीटर नव्याण्णव हजारांच्या वर गेलेला. लाख व्हायच्या आत हा माणूस एखाद्या खांबावर जाणार, नाहीतर कुणाच्या पोराला उडवणार, आणि झालाच लाख, तर त्यानंतर काय, ते देवाला ठाऊक. मी ठरवलं, ही गाडी बंद पाडायची. किल्ली चोरायलासुद्धा मी तयार होते.

तेवढ्यात चलान आलं. गाडीच्या कागदांवर रंजनीचा नंबर आहे, तिच्या मोबाईलवर आलं. वेग मर्यादेबाहेर, कॅमेऱ्यानं काढलेला फोटो, सगळं. तिनं मला फोन केला. "कल्पना अक्का, अप्पा स्पीडिंग करतात! अप्पा! माझ्या स्कूटीलासुद्धा हळू म्हणणारे अप्पा! त्यांना मरायचंय का, अक्का?"

मी तडक खाली गेले. चांगला आवाज चढवला. मामा शांतपणे म्हणाले, "काटा आंत होता, मा."

"मग कॅमेरा खोटं बोलतो?"

"ठाऊक नाहीं. काटा आंत होता."

ह्या एका बाबतीत मामा खोटं बोलणार नाहीत, हे मला पक्कं माहीत. बेशुद्धीतही ते काटा आत ठेवतील, एवढी वर्षं मामींनी कानाशी कटकट केलीय! मग कॅमेरा जास्त कसा दाखवतो? मी जिना चढत होते आणि मधल्याच पायरीवर थांबले. काटा कमी दाखवतो. डिझेल जास्त लागतं. गाडी बोटभर उंच. अगं बाई! मी रोज दहा लोकांना जे समजावते तेच हे, आणि माझ्याच दारात उभं.

शनिवारची सुट्टी होती. मी शिवणाची टेप आणि खडू घेऊन गल्लीत गेले. दाराच्या आतल्या बाजूला कंपनीची पट्टी असते, त्यावर मूळ टायरचं माप लिहिलेलं असतं. ते बघितलं. मग चाकावरचं माप बघितलं. रिमसकट बदललेले, चांगले मोठे टायर. स्प्रिंगा कुठल्या! पुरानंतर टायरवाल्यानं चाकंच मोठी घातली होती, आणि पुढे टायर झिजले की मामा त्याच मापाचे नवे घालत राहिले. तरी मी खात्री करायची म्हणून चाकाला आणि जमिनीला खडूची खूण केली आणि मामांना म्हटलं, गाडी जरा पुढे घ्या. सरी, म्हणाले. का, कशाला, काही नाही. चाकाची एक पूर्ण फेरी झाली, मी टेप लावली.

मीटरला रस्ता दिसत नसतो. तो चाकाच्या फेऱ्या मोजतो आणि एका फेरीला अमुक इतका रस्ता, असं कारखान्यात शिकवलेलं धरून बसतो. चाक मोठं केलं की एका फेरीत जास्त रस्ता कापला जातो. मीटरला ते कोण सांगणार? तो बिचारा शंभर म्हणतो तेव्हा गाडी एकशे सहा-सात गेलेली असते. काटा पन्नास म्हणतो तेव्हा वेग त्रेपन्न-चौपन्न. मोठं चाक जडही असतं, ते फिरवायला इंजिनाला जास्त डिझेल लागतं, आणि वर अंतर कमी मोजलं जाणार, म्हणजे गाडी दुप्पट पिते असं वाटणार. मामी उगाच पंपावरच्या पोरांवर डोळे वटारत होत्या. आणि 'हल्लीं फार पळवतां' म्हणायच्या ते अगदी खरं होतं. त्यांच्या हाडांना कळत होतं.

पूर आला तेव्हा मीटर वीस हजारांवर होता, हे मामींनी मला कितीदा तरी सांगितलं होतं. म्हणजे वीसच्या पुढचं सगळं मोजणं चुकीचं. मी वर जाऊन मोबाईलवर हिशेब केला. टायर झिजतात तेही धरलं. दोनदा केला. मीटर पंच्याण्णव हजारांच्या पुढे थोडा गेला असेल, शहाण्णवच्या आत नक्की, तेव्हा गाडीचा खरा लाख होऊन गेला होता. त्या वेळी मामी जिवंत होत्या. सीटवर बसलेल्या होत्या!

माझा आनंद काय विचारता! दिनानाथला हलवून उठवलं. म्हटलं, अरे, झाला होता लाख, त्यांच्या देखत झाला! आता मामांना फिरायचं कारणच नाही. तो म्हणाला, "जरा बेतानं सांग." मी कसली थांबते. चपला न घालता खाली धावले.

मामा तेव्हा पाट खाली ठेवून उभे होते, निघायच्या तयारीत.

"मामा, किल्ली काढा. तुमचा लाख केव्हाच झालाय!"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांना चाक दाखवलं, पट्टी दाखवली, खडूच्या खुणा दाखवल्या. धापा टाकत सगळं सांगितलं. "मीटर कमी दाखवतोय, मामा. पुरापासून कमी दाखवतोय. शहाण्णव हजारांच्या आतच झाला लाख. मामी शेजारी होत्या तुमच्या. त्यांनी पुरा केला. त्यांचं काही राहिलेलं नाही. आता कशाला फिरताय हो जीव धोक्यात घालून?"

मला वाटलं होतं, ते 'सरी' म्हणतील. किल्ली माझ्या हातात देतील, मी त्यांना वर नेऊन कॉफी पाजीन.

"शहाण्णवच्या आधीं?" मामांनी विचारलं.

"हो. नक्की. माझं कामच आहे हे."

"शहाण्णवला नाहीं? त्याच्या आधीं?"

"आधी. अहो मामा, हजारदा मोजलंय मी!"

गाडीच्या दाराला मामांनी हात टेकला. मग हळूहळू बोलायला लागले, माझ्याकडे न बघता.

"गेल्या उन्हाळ्यांत चेंगलपट्टूहून येत होतों, मा. लग्नाचीं पातेलीं होतीं मागें. वाटेंत एकजण नुंगू विकत होता. तिला आवडत. मी उतरवलों तिला." नुंगू म्हणजे ताडगोळे. "दोन खाल्ले तिनें. पाय हे एवढे सुजलेले. पाट ठेवलों, तर चढेना. पाटावर बसूनच राहिली, रस्त्याच्या कडेला. म्हणाली, झाला नाहीं का हो अजून लाख? आतां पुरे वाटतें. मी हसलों, मा. हात धरून उठवलों आणि मीटर दाखवलों. शहाण्णव हजार. बरोब्बर शहाण्णव होते, म्हणून आठवतें. म्हणालों, बघ, चार हजार आहेत. तूंच बोललीस, आतां तूंच मोडणार?"

मामांनी खाली पाटाकडे बघितलं.

"मग?" मी विचारलं. कशाला विचारलं, देव जाणे.

"म्हणाली, सरी. आणि चढली."

माझ्या हातात ती टेप होती, ती मी उगाच गुंडाळत राहिले. मी ह्या माणसाला ओझ्यातून सोडवायला आले होते. बाई दिवाळीपर्यंत सुजलेले पाय घेऊन त्या पत्र्यात बसत राहिल्या, कारण मीटरवर लाख झालेला नव्हता. आणि तो झालेला होता. त्या पाटावर बसून विचारत होत्या तेव्हा होऊन गेलेला होता. त्यांचं बरोबर होतं. हे आता जगात दोघांना माहीत, मामांना आणि मला, आणि मामांना ते मी सांगितलं. माझ्या ह्या तोंडानं.

"मामा, तुम्हाला कुठे माहीत होतं?" मी म्हणाले. "मीटरवर तेच दिसत होतं ना? कुणीही तेच म्हटलं असतं."

"ती विचारली होती, मा," मामा म्हणाले.

त्यांचा दारावरचा हात सुटला. मी धरायला गेले, पण ते पाटावरच बसले. आणि मग त्यांना रडू फुटलं. म्हातारा माणूस भर सकाळी गल्लीत तोंड उघडून रडत होता. समोरच्या इस्त्रीवाल्यानं इस्त्री बाजूला ठेवली. भाजीवालीची गाडी येत होती, ती लांबच थांबली. दिनानाथ जिन्यात उभा होता, त्याला मी हातानं थांबवलं. मामा "अलमेलू, उतर, उतर" म्हणत होते. इथल्या जुन्या माणसांत बायकोला नावानं हाक मारत नाहीत. मी आजवर त्यांच्या तोंडून ते नाव ऐकलंच नव्हतं.

मी शेजारी जमिनीवर बसून राहिले. समजूत घालावी असं काही माझ्याकडे नव्हतं. जे होतं ते मी आधीच सांगून बसले होते.

बऱ्याच वेळानं ते उठले. गाडीचं डावं दार त्यांनी लावलं, कुलूप घातलं. किल्ली खिशात टाकली आणि पाट काखेत धरून घरात गेले. मी रंजनीला फोन केला, म्हटलं, आजच निघ. का ते सांगितलं नाही.

ती गाडी तेव्हापासून जागेवर आहे. मीटर लाखाला काही शे कमी दाखवतोय, दाखवू दे.

त्या दिवशी दुपारी मी ताट वाढून खाली नेलं. भात, रसम, बटाट्याच्या काचऱ्यांची भाजी. दार उघडंच होतं. मामा भिंतीला टेकून खाली बसले होते, पाट समोर. डोळे सुजून लाल झालेले.

"मामा, दोन घास खाऊन घ्या."

त्यांनी मान वर केली. इतक्या महिन्यांनी ते मला बघत होते, माझ्यामागच्या भिंतीला नव्हे.

"नको, मा," म्हणाले. "आज नको."

मी ताट घेऊन परत निघाले. जिन्याच्या मधल्या पायरीवर बसले आणि मामी गेल्यापासून पहिल्यांदा रडले.